मिशी नीट काढा

माझ्या बिंदुकाकांनी बनारसच्या कितीतरी मेलेल्या पुरुषांना मिशा दिल्या आणि स्वतः मात्र जन्मभर कोरा ओठ घेऊन हिंडले. दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. बाहेर हिंदीत पाटी होती, ‘यहाँ पुराने फोटो नये होते हैं’. कुणाच्या वडिलांचा फोटो ओलीनं खाल्लेला असे, कुणाच्या आजोबांच्या तोंडावरून नेमकी घडी गेलेली असे. माणसं तो गमछ्यात गुंडाळून आणत आणि म्हणत, “बना दीजिए, गुरु.” काका तो चौकातल्या स्टुडिओतून मोठा करून घेत. मग खारीच्या केसांचा कुंचला, काजळी, पांढरा रंग आणि एक जुनं ब्लेड एवढ्या सामग्रीवर ते गेलेला चेहरा परत आणत. नाक-डोळे फोटोत बहुधा शिल्लक असत. घोटाळा व्हायचा तो मिशीचा, कारण जुन्या फोटोत मिशी म्हणजे नाकाखाली सांडलेली शाई.

मग काका विचारायचे, मिशी कशी होती? आणि लोक सांगायचे, “रोबदार थी.” काका वैतागायचे. रोबदार हा काही आकार नव्हे. कुणी म्हणे ठाकुरांसारखी, कुणी म्हणे थानेदारासारखी, आणि एका बाईंनी तर नुसतं “बहुत अच्छी थी” म्हणून पदर डोळ्यांना लावला होता. लहानपणी काकांना घरच्यांनी रामघाटाच्या वेदशाळेत घातलं होतं. तिथं त्यांना संहिता काही पाठ होईना, पण पोथीतली अक्षरं ते हुबेहूब बनवायचे. तेवढीच विद्या घेऊन ते बाहेर पडले आणि ती त्यांनी मिशांना लावली. नाकाखालची माशी म्हणजे अनुस्वार. ओठावरची बारीक रेघ ती शिरोरेघ. टोकं वर वळलेली असली तर वेलांटी, खाली पडलेली असली तर उकार. गिऱ्हाइकाला ते सरळ विचारत, “बाबूजी की मूँछ में मात्रा कौन-सी थी?” गिऱ्हाईक आधी गांगरायचं, पण काकांनी पाटीवर बनवून दाखवलं की लगेच बोट ठेवायचं.

आता काकांच्या स्वतःच्या ओठाचं. आमच्या घराण्यात मिशी कुणालाच नव्हती. आजोबा घनपाठी, त्यांचे वडीलही घनपाठी, आणि वैदिकांच्या घरात पुरुषाच्या तोंडावर दर क्षौराला वस्तरा फिरायचाच. पण बाकीच्यांच्या मिशा न्हाव्यानं नेलेल्या होत्या आणि काकांची देवानंच दिली नव्हती. तिशी जवळ आली तरी मिसरूड फुटलं नव्हतं. वैदिकांच्या गल्लीत राहत असल्यानं ही गोष्ट झाकून गेली. न्हावी त्यांच्या ओठावरून वस्तरा फिरवायचा तो निव्वळ शिष्टाचार म्हणून. बाहेरच्या अस्सल बनारसी लोकांना मात्र सगळं दिसायचं. नाक्यावरचा गंगा पानवाला त्यांना पाठीमागे ‘निमोछिया’, म्हणजे बिनमिशीचा, म्हणायचा आणि समोर ‘गुरु’. दोन्ही तो सारख्याच प्रेमानं म्हणायचा, असं काका सांगत. मला ते खरं वाटत नाही.

पुढची गंमत कळायला आमच्या बोलीची एक खोड सांगायला हवी. आम्ही काशीचे मराठी लोक घरात मराठीच बोलतो, पण आमची मराठी गंगेचं पाणी प्यालेली आहे. आमच्याकडे फोटो खिचतात, चहा बनतो आणि चित्रसुद्धा बनवतात. काढतात त्या चपला, वाळत घातलेले कपडे, आणि मुंजीत बटूच्या डोक्यावरचे केस. तिकडे पुण्या-नागपुराकडे चित्रही ‘काढतात’, हे आम्हाला मासिकांतून माहीत होतं. पण घरात मासिकासारखं कोण बोलतं?

हिंदीत काका फार सावध असत. ‘दाढ़ी बना दो’ म्हटलं की त्याचा न्हाव्याकडे एक अर्थ होतो आणि चित्रकाराकडे दुसरा. म्हणून ते दर वेळी विचारत, “बना दूँ मतलब? लगाऊँ कि मूड़ूँ?” परक्या भाषेत माणूस चाचपडत पाय टाकतो. आपल्या भाषेत तो डोळे मिटून चालतो आणि आपटतो. काका आपटले ते मराठीत.

बनारसचं सरकारी नाव नुकतंच वाराणसी झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण घरच्या मोठ्यांनी मला ती इतक्यांदा सांगितली आहे की मीच तिथे होते असं वाटतं. भोसले घाटाच्या मागच्या गल्लीत वासुदेवराव डबीर नावाचे रेल्वेचे गार्ड भाड्यानं राहत होते. मूळचे नागपूरचे. बदली होऊन इकडे आले आणि इथेच रमले. त्यांची मिशी अशी, की काकांच्या व्याकरणात तिला दोन वेलांट्या द्याव्या लागत, दोन्ही दीर्घ. गाडी सोडताना ते आधी मिशीला पीळ देत आणि मग हिरवी झेंडी दाखवत. गाडी झेंडीवर सुटत नाही, पिळावर सुटते, असं हमाल म्हणायचे.

या गार्डसाहेबांना एक मुलगी होती, अंबिका. ती त्यांना नाना म्हणायची. माझ्या वडिलांनी, म्हणजे काकांचे मोठे भाऊ श्रीराम टोकेकर यांनी, तिच्यासाठी काकांचं नाव सुचवलं आणि काकांना घेऊन मुलगी पाहायला गेले. अंबिका बी.ए. झालेली होती आणि तिला हसू आवरत नसे. पोह्यांची बशी पुढे करून तिनंच काकांना विचारलं, “तुम्ही जिवंत माणसांचे फोटो करत नाही का?”

“करतो,” काका म्हणाले. “पण जिवंत माणसं पसंद करत नाहीत.”

ती खळखळून हसली आणि काका कामातून गेले. घरी परत येताना ते आपलं घर सोडून पुढे ब्रह्माघाटापर्यंत चालत गेले, असं वडील सांगायचे.

पण गार्डसाहेब काही विरघळले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते वडिलांना म्हणाले, “पोरगा गुणी आहे हो. पण वरचा ओठ रिकामा आहे. आमच्या घरात माणूस असा फक्त सुतकात दिसतो.” वडिलांनी वैदिक परंपरा, क्षौर, शास्त्र सगळं सांगून पाहिलं. गार्डसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शास्त्र ठीक आहे. पण त्याला ठेवायची म्हटली तर येते का?” इतकी वर्षं न्हाव्यानं झाकलेलं गुपित गार्डाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

शेवटी गार्डसाहेबांनीच तोड सुचवली. त्यांचे वडील आबासाहेब तहसील कचेरीत पेशकार होते. म्हातारपणी मुलाकडे काशीला आले आणि इथेच वारले. त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, नागपूरची मंडळी यायची होती आणि आबांची धड तसबीर घरात नव्हती. कचेरीच्या निरोप समारंभाचा एक फोटो होता, पण त्यात मिशी म्हणजे नुसता काळा डाग. “यातून आबा करून द्या,” ते म्हणाले. “मला त्यात माझा बाप दिसला, तर पोरीचं पुढचं बोलू.”

म्हणजे सगळं त्या एका तसबिरीवर आलं. काका फोटो घ्यायला गेले तेव्हा गार्डसाहेब युनिफॉर्म चढवून ड्यूटीवर निघालेच होते. जिना उतरता उतरता त्यांनी बजावलं, “चेहरा मोठा करा, पगडी सरळ करा. आणि मुख्य म्हणजे मिशी. मिशी नीट काढा. त्यात हयगय चालायची नाही.”

“काळजी करू नका, साहेब,” काका म्हणाले.

हिंदीत असतं तर विचारलं असतं. मराठीत विचारायची गरजच वाटली नाही. घरी येऊन त्यांनी वडिलांना एवढंच म्हटलं, “दादा, अजीब आहे. ह्यांना मिशीचा एवढा शौक, आणि बापाची काढायला सांगून राहिले.” माझे वडील घरातले शास्त्री. प्रश्न पडायच्या आत त्यांच्याकडे उत्तर तयार असे. ते म्हणाले, “यात अजीब काय? आबासाहेब काशीवासाला आले होते. अखेरच्या घडीला आतुरसंन्यास घेतला असणार. संन्याशाला मिशी नसते. गार्डसाहेब वरून राकट दिसतात, पण धर्म जाणतात.”

शास्त्राचा आधार मिळाल्यावर काकांना जोर चढला. त्यांनी ब्लेडनं मिशी हलकेच खरवडली, वरून रंग चढवला आणि ऊन-सावलीचा असा मेळ घातला की तिथे कधी केस होता याचा मागमूस उरला नाही. आता मिशीखालचा ओठ कुठून आणायचा? आबांचा वरचा ओठ शेवटच्या पन्नास वर्षांत खुद्द आबांनीही पाहिला नसेल. काकांनी मग हाताशी होता तो ओठ बसवला. आमच्या आजोबांचा. वर्षानुवर्षं वेद म्हणून म्हणून तो थोडा पुढे आलेला होता. नागपूरच्या पेशकाराच्या नाकाखाली दुर्गाघाटच्या घनपाठ्याचा ओठ फार सुरेख बसला, असं काकांना वाटलं.

काम अर्ध्यावर असताना अंबिका दुकानात आली. रंग पाहायला म्हणून आबांची पगडी घेऊन आली होती. काका अपुरं काम कुणाला दाखवत नसत, त्यांनी तसबिरीवर कापड टाकलं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “मिशी काढली का?”

“काढतोय. फार दाट होती, थोडी देर लागेल.”

“सावकाश काढा. नानांचा सगळा जीव त्या मिशीत आहे.”

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. “एक केस सुटणार नाही.”

तिला ते फार आवडलं. जाताना ती म्हणाली, “इतक्या मनापासून आमच्याकडे कुणी काही करत नाही.” काका त्यानंतर दिवसभर गुणगुणत होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी विधी झाले, जेवणं झाली. वडील आणि काका तसबीर धोतरात गुंडाळून घाटाघाटानं घेऊन गेले. माजघरात नागपूरची मंडळी दाटीवाटीनं बसली होती. गार्डसाहेबांनी मिशीला पीळ दिला आणि धोतर बाजूला केलं.

मग आबांची धाकटी बहीण, प्रभावतीआत्या, चष्मा सावरत पुढे आल्या. त्यांनी हात जोडले आणि भाबडेपणानं विचारलं, “छान आहे हो. पण हे भटजी कोण?”

गार्डसाहेब तसबिरीजवळ गेले, लांब झाले, पुन्हा जवळ गेले. “टोकेकर,” ते म्हणाले, “आबांची मिशी कुठे आहे?”

“काढली.”

“कुठे काढली?”

“नाकाखालची. सगळीच.”

“मग मला दिसत काहून नाही?”

“काढल्यावर कशी दिसेल, साहेब?”

“अहो, काढली असेल तर दिसायला नको?”

“दिसली तर काढली कसं म्हणता येईल?”

वडिलांना वाटलं, आता शास्त्रानं मदतीला धावावं. ते म्हणाले, “गार्डसाहेब, संन्यासधर्माला धरूनच आहे हे.” त्यावर गार्डसाहेबांचा तोल गेला. “कोणाचा संन्यास? माझा बाप मरायच्या दिवशी सकाळी कचौडी-जिलबी मागत होता!”

घोळ कुठे झाला ते पहिल्यांदा अंबिकेच्या लक्षात आलं. मिशीत हसायची सोय बायकांना नसते. तिनं खांब धरला आणि मोकळेपणानं हसली. हसत हसतच सांगायला लागली, “नाना, आपलं काढणं वेगळं, ह्यांचं काढणं वेगळं...” पण सगळ्या पाहुण्यांदेखत बापाची मिशी उडालेली, त्यात पोटची पोर हसतेय. गार्डसाहेब ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

“ज्याला स्वतःला मिशी फुटली नाही, त्याला दुसऱ्याच्या मिशीची काय कदर!” ते काकांना म्हणाले. “उचला हे आणि चालते व्हा. पोरीचा विषय संपला.”

काकांना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले होते. पण हे अंबिकेसमोर बोललं गेलं. काकांनी मान खाली घातली आणि निघाले. तसबीर वडिलांनी उचलून आणली.

गणपती करायला गेले आणि माकड झालं. बनारससारख्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंतही झाकून राहत नाही. गंगा पानवाल्यानं पानाला कात लावता लावता विचारलं, “का गुरु, गारड साहब के बाबू क मोछ मूड़ देहला?” आणि दुकानासमोरची सगळी मंडळी पान थुंकून हसली. एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी. तिकडे स्टेशनवर गार्डसाहेबांचीही सुटका नव्हती. या मुलखात बापाची मिशी उतरवणं म्हणजे शिवी. हमाल त्यांच्याकडे कीव करत पाहायचे आणि ते मिशीला आणखी पीळ द्यायचे.

काकांनी दुकानाचं दार लावून घेतलं. आजीनं वाढलेल्या ताटावरून ते तसेच उठायचे. वडील समजावायला गेले तर म्हणाले, “दादा, शब्द चुकला त्याचं काही नाही. पण ते बोलले ते सच आहे. मला काय कदर?”

सुटका केली ती प्रभावतीआत्यांनी. त्यांनी भाच्याला बजावलं, “माझ्या भावाला असा बोडका ठेवून मी नागपूरच्या गाडीत पाय टाकणार नाही. मिशी गेली कुणाच्या हातून? त्याच्याच हातून परत यायला पाहिजे.” अंबिका त्या वेळी अगदी गंभीर चेहरा करून भाजी निवडत होती. आत्यांच्या तोंडात ही भाषा कुणी घातली असेल, ते ज्याचं त्यानं समजावं. गार्डसाहेब म्हणाले, “येऊ द्या. पण माझ्याशी बोलायचं नाही. करायचं आणि जायचं.”

काका रंगाची पेटी घेऊन गेले. घाटाकडे उघडणाऱ्या ओसरीवर खांबाला तसबीर टेकवली आणि खाली मान घालून विचारलं, “मिशी कशी होती?”

“आकडेबाज,” गार्डसाहेब लगेच म्हणाले. बोलायचं नाही हे ते स्वतःच विसरले.

“आकडेबाज मतलब? दोन्ही टोकं वर?” काका आता मराठीतही विचारायला लागले होते.

“आकडेबाज कसली आली!” आत्या म्हणाल्या. “चांगली झुपकेदार होती. ताक प्यायला की निम्मं तिच्यातच राहायचं.”

“झुपकेदार मतलब? ओठ दिसायचा की नाही?”

नागपूरहून आलेले एक चुलतभाऊ म्हणाले, तलवारकट होती, कचेरीत सगळे तसंच म्हणत. त्यावर आत्या म्हणाल्या, कचेरीतल्यांना काय कळतं, त्यांनी ताक पिताना कुठे पाहिलंय? गार्डसाहेबांनी मग स्वतःच्याच मिशीकडे बोट दाखवलं, “ही पाहा. हीच. हुबेहूब.” भांडण चांगलंच रंगलं. आबा खांबाला टेकून, आमच्या आजोबांचा ओठ मिटून, सगळं ऐकत होते. ज्या मिशीसाठी एवढा कल्लोळ चालला होता, ती नक्की कशी होती यावर तिथल्या दोघांचंही एकमत नव्हतं.

दारातून अंबिका म्हणाली, “डावीकडची उजवीपेक्षा आखूड होती.”

“काहीतरीच!” गार्डसाहेब म्हणाले. “आबांची मिशी काय वाकडी होती?”

“वाकडी नव्हती, नाना. चावलेली होती.”

तिचं हसू कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. ती म्हणाली, “तुम्ही लाइनवर असायचा, तुम्हाला कसं दिसणार? तुमची गाडी लेट झाली की आबा इथेच, या ओसरीवर बसायचे आणि डावं टोक चावत राहायचे. जेवायला या म्हटलं तर यायचे नाहीत. मग जिन्यावर तुमचे बूट वाजले, की घाईघाईनं मिशी पुसायचे आणि पीळ देऊन ताठ बसायचे. तुम्हाला कायम आकडेबाजच दिसली. आम्ही चावलेली पाहिली.”

काकांनी अगदी हळू विचारलं, “चावलेली मतलब? ओली?”

“ओली. आणि टोकाचे दोन-चार केस सुटलेले.”

काका कामाला लागले. घाटावर धोबी कपडे आपटत होते, नावा येत-जात होत्या, आणि इकडे आजोबांचा ओठ केसाकेसानं झाकला जात होता. उजवीकडे वेलांटी आली. डावीकडे वेलांटी वळता वळता ढिली पडली आणि तिचा उकार झाला. टोकाला काकांनी चार केस मोकळे सोडले. मग कुंचला पुसून ते बाजूला झाले आणि म्हणाले, “बघा, साहेब.”

गार्डसाहेब आले. कमरेवर हात ठेवून, गाडीच्या डब्यांची तपासणी करावी तसे पाहायला लागले. त्यांची नजर उजवीकडून सुरू झाली आणि डाव्या टोकावर येऊन थांबली. बराच वेळ ती तिथून निघेना. मग ते तसबिरीपुढे मांडी घालून बसले.

“गाडी लेट आहे वाटतं, आबा,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “आलो हो. आलो मी.”

एवढा मोठा गार्ड, पण पोरासारखा रडला. डोळ्यांचं पाणी मिशीवर उतरलं आणि दोन्ही दीर्घ वेलांट्यांचा पीळ सुटून त्या खाली लोंबल्या. तसे ते आबांसारखे दिसायला लागले, असं प्रभावतीआत्या म्हणाल्या.

डोळे पुसून झाल्यावर गार्डसाहेबांनी घसा खाकरला. “टोकेकर,” ते म्हणाले, “मी त्या दिवशी बोलायला नको होतं ते बोललो. आता वेळ घालवू नका. मुहूर्त काढा.”

काका पेटी आवरत होते. त्यांचा चेहरा घाबराघुबरा झाला. “काढू मतलब?” ते म्हणाले.

सगळं घर हसायला लागलं. गार्डसाहेबही हसले, त्या ओल्या मिशीत हसले. आणि मुहूर्त निघाला.

तेव्हापासून काकांना ती सवयच जडली. काकू म्हणाली, “बरणीतलं लोणचं काढा,” तरी ते विचारत, “काढू मतलब?” गल्लीत त्यांचं नाव ‘मतलब गुरु’ पडलं आणि निमोछिया मागे पडलं. रंगीत फोटो आले, धंदा बसला, तरी दुकान ते उघडतच राहिले. सासऱ्यांनी नंतर त्यांच्या ओठाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त एकदा सोडून. तो एकदाचा प्रसंग मला फार उशिरा कळला.

काका गेले तेव्हा तसबिरीसाठी आम्ही त्यांचा फोटो घेऊन चौकात गेलो. आता तिथे कंप्यूटरवर काम चालतं. तिथल्या मुलानं सहज विचारलं, “आंटी, अंकल को मूँछ लगा दें? पर्सनालिटी आ जाएगी.” अंबिकाकाकू म्हणाली, “ना बेटा, रहने दो.” वाटेत मी तिला म्हटलं, “काकू, काकांनी निदान स्वतःच्या लग्नाच्या फोटोत तरी एक मिशी बनवून घ्यायला हवी होती. हातचं काम होतं.”

“घेणारच होते,” काकू म्हणाली आणि तिनं सांगितलं ते असं.

लग्नानंतर फोटो मोठा होऊन आला. गार्डसाहेबांना तो नागपूरच्या नातेवाइकांकडे पाठवायचा होता. ते दुकानात आले, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, राग मानू नका. फोटोपुरती एक बारीकशी काढा की. तिकडे चार लोक पाहतील.” सासऱ्याचा शब्द, आणि तोही इतक्या नरमाईनं टाकलेला. ते गेल्यावर काकांनी कुंचला काजळीत बुडवला. काकू चहा घेऊन खाली आली तेव्हा कुंचला फोटोतल्या काकांच्या ओठाजवळ पोचला होता. काकांनी वर पाहिलं आणि विचारलं, “नाना म्हणून राहिलेत. काय करू?”

काकूनं कप खाली ठेवला. फोटोतल्या त्या कोऱ्या ओठाकडे एकदा पाहिलं, समोरच्या कोऱ्या ओठाकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, “काढायची नाही.”

त्याचा अर्थ नागपूरचा लावा नाहीतर काशीचा लावा, माणूस आहे तसाच राहतो. काकांनी कुंचला धुऊन ठेवला आणि चहा प्यायला. मराठीतलं कुठलंही वाक्य ऐकून ‘मतलब?’ विचारणाऱ्या माझ्या काकांनी तेवढ्या एका वेळेला ते विचारलं नाही.